दोराची अंबाडी, भाजीची अंबाडी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी थोरली बहीण नाशिकला माझ्याकडे राहायला आली. ती एका कृषी विद्यालयात शिकवत असे. पुढची पदवी घेण्यासाठी तिने बिनपगारी रजा काढली होती आणि प्रबंधासाठी पीक निवडलं होतं अंबाडी. रजा वर्षाअखेर संपणार होती. पीक एकदाच उभं राहणार, एकदाच फुलणार. त्यात हाती काही लागलं नाही तर दुसरा हंगाम नव्हता. हे तिने आल्या दिवशी चहा घेताना सांगितलं आणि नंतर तो विषय काढला नाही.

अंबाडी म्हणजे शहरात भाजीवालीच्या टोपलीतली आंबट पालेभाजी. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात तिचं दुसरं काम आहे. तिथे नागलीच्या आणि भाताच्या बांधावर ती माणसापेक्षा उंच वाढते. फुलावर आली की कापायची, जुड्या बांधून ओहोळाच्या पाण्यात दगडाखाली कुजत ठेवायची, साल सुटली की वाख, म्हणजे सालीचा तंतू, ओढून काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. बैलाचा कासरा, विहिरीचा दोर, खाटेची वीण, भाऱ्याची दोरी, सगळं त्यातून निघे. नायलॉनचा दोर तोवर आठवडे बाजारात येऊन पोचला होता आणि स्वस्त होता. ताईच्या मार्गदर्शक सरांना हा विषय म्हणूनच हवा होता. लोक पेरायचे थांबण्याआधी या पिकात काय काय आहे ते कोणीतरी पाहून ठेवावं, असं त्यांचं म्हणणं.

काय काय म्हणजे अगदी दिसतं ते. खोड हिरवं की लाल की जांभळ्या रेघांचं. पान अखंड की हाताच्या बोटांसारखं चिरलेलं. अंगावर काटे आहेत की नाहीत. फांद्या फुटतात की सरळ सोट जातो. फूल लवकर येतं की उशिरा. अशा फरकांतूनच पुढे नवं वाण निवडायचं असतं, हे ताईने मला समजावलं. मी एका दैनिकात उपसंपादक होते. आलेली बातमी छापण्याआधी ती कोणी दिली, कुठली आहे, कधीची आहे हे विचारायचं, हे माझं रोजचं काम. साप्ताहिक सुटीला मी तिच्याबरोबर डोंगरात जात असे. सुरुवातीला सोबत म्हणून, नंतर मलाच पुढचं बघायचं असे म्हणून.

बी गोळा करायला आम्ही उन्हाळ्यात फिरलो. बस पेठपर्यंत, पुढे जीप, पुढे पायी. जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक माणूस बसलेला असे आणि ड्रायव्हर त्याच्या मांडीवरून हात घालून गाडी वळवी. पाड्यावर पोचलं की ताई अंबाडीचं बी मागे. पहिल्याच पाड्यावर एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, कुठली पाहिजे, दोराची की भाजीची? ताई तिथेच थांबली. पुस्तकात तिला असा भेद कुठे मिळाला नव्हता. तिने दोन्ही मागितल्या. म्हातारा आत गेला आणि दोन पुड्या घेऊन आला.

पुढच्या पाड्यापासून ती स्वतःच विचारू लागली, तुमच्याकडे दोराची आहे का, भाजीची आहे का. दोन्ही आहेत, असं प्रत्येक घरी सांगत. प्रत्येक घरून दोन पुड्या मिळत. कोणी बियांचे पैसे घेतले नाहीत. वर पाणी, कधी कोरा चहा. सरांना ताईने कळवलं की डोंगरातल्या लोकांनी एकाच पिकाच्या दोन जाती वेगळ्या राखल्या आहेत, एक तंतूसाठी आणि एक पानासाठी. सरांनी विषयाचं शीर्षकच त्यावर बांधून दिलं. दोराची आणि भाजीची, दोहोंतला फरक मोजायचा. फरक किती आणि कशात, एवढाच प्रश्न उरला होता.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर बी देणाऱ्या एका घराने वावराचा तुकडाही दिला. नवरा कमी बोलणारा, ताई त्याला दादा म्हणे. बायको उंच, हसरी, जिभेची तिखट, तिला वहिनी. ती आम्हाला मोठ्या ताई आणि धाकट्या ताई म्हणे. आपसात ती माणसं त्या डोंगरातल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत बोलत आणि आम्हाला कळावं म्हणून आमच्याशी वेगळं बोलत. पाऊस लागल्यावर पेरणी झाली. एका घरच्या दोन पुड्या शेजारी शेजारी, एक ओळ दोराची, एक भाजीची, मग पुढच्या घराची जोडी. ओळीच्या टोकाला बांबूची चिपाटी, तिच्यावर रंगाने खूण.

वहिनींना पहिल्यांदा हे वेड वाटलं. बांधावर टाकून द्यायची वस्तू या बाईने चांगल्या वावरात, दोरी धरून पेरली. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत की आमच्या मोठ्या ताईंनी अंबाडीची शाळा काढली आहे, लाल पोरं एका रांगेत, हिरवी दुसरीत. ताईने एकच गोष्ट मागितली होती: या ओळींचा पाला कोणी खुडू नये. शेंडा खुडला की झाड बाजूने फुटतं आणि फांद्यांचा हिशेब बिघडतो. डोंगरात बांधावरची अंबाडी कोणाचीच नसते. वाटेने जाणारी बाई ओंजळभर पाला खुडते आणि मालकाला सांगतही नाही. ही रीत मोडायला वहिनींनी वाटेच्या बाजूला करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि आपल्या सासूलाही आत जाऊ दिलं नाही. सासू दोन दिवस रुसून होती, असं वहिनींनी हसत सांगितलं.

झाडं गुडघ्याला आली, कमरेला आली. ताई मेणकापडाचं इरलं पांघरून ओळीओळीने फिरे, मी टेप धरे. अंबाडीचे काटे बारीक. लागताना कळत नाहीत, संध्याकाळी परतीच्या बसमध्ये हात खाजायला लागले की कळतात. भाद्रपदात ताईच्या पहिल्यांदा लक्षात आलं की काहीतरी जुळत नाही.

फरक होते, भरपूर होते. एका घराची अंबाडी देठापासून शेंड्यापर्यंत लाल, दुसऱ्याची नुसती हिरवी. एकाचं पान भेंडीच्या पानासारखं रुंद, दुसऱ्याचं पाच बोटांत चिरलेलं. पण हा फरक घराघरात होता. एकाच घराच्या दोन ओळी सारख्याच निघत होत्या. लाल घराची दोराची लाल आणि भाजीचीही लाल. काटेरी घराच्या दोन्ही काटेरी. उंची जवळजवळ तीच, फांद्याही जवळजवळ तेवढ्याच. ताईला दोन जातींचा फरक हवा होता आणि जोड्या जुळ्यांसारख्या उभ्या होत्या.

याला अपवाद एकच जोडी होती, सुरगाण्याच्या बाजूच्या एका घरची. तिथे दोराची ओळ उंच, अखंड पानाची, आणि शेजारची भाजीची ओळ बुटकी, चिरलेल्या पानाची. ताई वावरात गेली की आधी त्या जोडीपाशी जाई. एका जोडीवर प्रबंध उभा राहत नाही, हे मात्र ती स्वतःच म्हणे.

तिने कारणं शोधली. बी गोळा करताना पुड्यांची सरमिसळ झाली असेल. पण मग एका घराची पुडी दुसऱ्या घराच्या पुडीत मिसळली असती. लाल ओळीत हिरवी झाडं दिसली असती. तशी ती दिसत नव्हती. पेरताना चूक झाली म्हणावं तर ती प्रत्येक जोडीत तशीच कशी होईल? दोन्ही जातींत बाहेरून फरक नसून तंतूत असेल, असंही तिला वाटलं. तिने काही झाडं कापून माझ्या गच्चीवरच्या पिंपात कुजत घातली. तिसऱ्या मजल्यापर्यंत वास गेला. घरमालक वर येऊन पिंपात डोकावले आणि यात नक्की कोण मेलं आहे, असं त्यांनी शांतपणे विचारलं. वाख निघाला, वाळला, ताईने तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला. लाल घराच्या दोन्ही ओळींचा वाख सारखाच होता.

सर फुलोऱ्यात वावर पाहायला येणार होते.

त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा वहिनी बांधावर होत्या. त्यांच्या घरची अंबाडी फुलली होती. फिकट पिवळी फुलं, आत गर्द तांबडा डोळा. वहिनी विळ्याने ती बुडापासून कापत होत्या आणि दादा जुड्या बांधत होते. ताईने विचारलं, फूल आल्या आल्या का कापता? वहिनी म्हणाल्या, बोंडं धरली की वाख राठ होतो, मग दोर हाताला टोचतो आणि बैलाच्या मानेलाही. ताईला हे पुस्तकातून माहीत होतं. तिने मान हलवली आणि चिपाट्यांकडे वळली.

मला कामामुळे विचारायची सवय. कापलेल्या जुड्या बघून मी विचारलं, मग हिचं बी तुम्ही कधी धरता?

वहिनी विळा थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "हिचं कुठलं बी, धाकट्या ताई? ही तर आता कापली. ही पाण्यात जाणार."

"मग पुढच्या वर्षी पेरायला?"

"ती काय तिकडं हाय ना, पडवीपाशी. जिचा पाला खाल्ला ती. तिला फांद्या लय येतात, बोंडं लय येतात. ती वाळली की जुडी बांधून आढ्याला लावायची."

ताई परत आली होती. तिने अगदी हळू विचारलं, मग उन्हाळ्यात तुम्ही मला दोराच्या अंबाडीचं बी दिलंत, ते कुठलं?

"त्याच जुडीतलं."

"आणि भाजीचं?"

"तेबी त्याच जुडीतलं. तुम्ही दोन मागितल्या, मी दोन पुड्या बांधल्या. पाव्हणीला नाय कसं म्हणायचं? मला वाटलं, शहरात तशी रीत असंल."

दादा खाली बसून जुडी आवळत होते. ते पहिल्यांदाच बोलले. "मी म्हटलं होतं हिला, एकच हाय सांग म्हणून."

"म्हणाला होतात तर सांगायचं होतं तुम्ही. तोंड हाय ना तुम्हाला."

ताई बांधावर बसली. मग वहिनींनी विचारलं की शाळा बुडाली का. ताई म्हणाली, अजून कळत नाही.

म्हणजे दोराची अंबाडी आणि भाजीची अंबाडी या जाती नव्हत्या. एकच बी. बांधावर दाट पेरून न खुडता ठेवलं की दोराची. दाराशी विरळ पेरून खुडत राहिलं की भाजीची. नाव झाडाच्या कामाला होतं. दोराची तर फुलातच संपत होती, तिला वंशच नव्हता. परतीच्या बसमध्ये ताईने एवढंच म्हटलं की मी बी मागितलं, पण ते कुठल्या झाडाचं ते एकाही घरी विचारलं नाही.

पुढचे तीन-चार दिवस ती जवळच्या पाड्यांवर एकटीच फिरली आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारलं. सगळीकडे तेच निघालं, कारणं वेगवेगळी. एका घरी म्हणाले, बाई लांबून आली, एक पुडी दिली तर कमी दिसलं असतं. पहिल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याने तर तिलाच दोष दिला: मी विचारलं कुठली पाहिजे, म्हणजे दोर पाहिजे की भाजी पाहिजे; तुम्ही बी म्हणालात. सुरगाण्याच्या बाजूला जायला तिला वेळ मिळाला नाही. सर आले.

सर पायजमा वर दुमडून चिखलातून सगळ्या ओळी फिरले. ताईने त्यांना पहिल्या जोडीपाशीच सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. आपलं गृहीत चुकलं, शीर्षक चुकलं, हेही सांगितलं. सर रागावतील असं मला वाटलं होतं. ते लाल घराच्या दोन ओळींमध्ये उभे राहिले आणि दोन्हीकडची पानं उलटून बघत राहिले.

"म्हणजे प्रत्येक घराचं बी तू दोनदा पेरलंस," ते म्हणाले. "न कळता पेरलंस, पण पेरलंस."

ताईला ते लगेच कळलं. मला बसमध्ये समजावून घ्यावं लागलं. शेतात दोन झाडं वेगळी दिसली तर तो फरक बियाचा की मातीचा, हे एका ओळीवरून सांगता येत नाही. तेच बी दोन ठिकाणी पेरलं असेल तर त्या दोन ओळींतला फरक मातीचा, ओलीचा, नशिबाचा. आणि घराघरातला त्याहून मोठा फरक बियाचा. जोड्या जुळ्या निघाल्या म्हणूनच घराघरातला फरक खरा ठरत होता. तिने सगळा हंगाम जो दोष शोधला तोच तिचा पुरावा होता.

पण सरांनी लगेच होकार दिला नाही. ते सुरगाण्याच्या जोडीपाशी गेले आणि तिथे जास्त वेळ थांबले. हे काय आहे, त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, इथे बी खरंच वेगळं असावं. सर म्हणाले, असावं चालणार नाही. बाकीच्या जोड्या एका जुडीच्या आहेत असं तू म्हणतेस, मग हे एक घर निराळं का? की इथे तुझीच चूक झाली? इथे चूक झाली असेल तर ती दुसरीकडे झाली नसेल कशावरून? परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारील. जा, त्या घरी जाऊन बघ. उत्तर घेऊन ये, मग शीर्षक बदलू. नाहीतर माझी सही मिळणार नाही.

कापणी झाल्यावर, थंडी पडू लागली तेव्हा, आम्ही सुरगाण्याला गेलो. ताईची रजा संपत आली होती. जीप जिथे थांबली तिथून चढ होता. भात कापून झालं होतं, खळ्यावर मळणी चालू होती, निम्मी घरं द्राक्षांच्या कामाला खाली उतरली होती आणि त्यांच्या दारांना कुलपं होती. त्या घरालाही कुलूप असेल, अशी ताईला भीती होती.

घर उघडं होतं. घरधनी पन्नाशीचा, अंगणात बसून वाख पिंजत होता. त्याने आम्हाला ओळखलं. ताईने या वेळी बी मागितलं नाही. दोराचं बी कुठल्या झाडाचं धरता, ते दाखवा म्हणाली. तो उठला आणि घरामागे घेऊन गेला. कापलेल्या अंबाडीचे बुडखे जमिनीबरोबर होते, आणि त्यांच्या कडेला थोडी झाडं मुद्दाम उभी ठेवलेली, वाळलेली, बोंडांसकट. उंच, सोट. पडू नयेत म्हणून त्यांना एकत्र बांधलं होतं.

"आणि भाजीची?"

"ती तिची," तो म्हणाला आणि घराकडे हात केला. "ती तिच्या बाजूला हाय. मी तिकडं जात नाय."

घराच्या दुसऱ्या अंगाला, न्हाणीच्या पाण्यावर, बुटकी, फांद्यांनी पसरलेली झाडं होती. खाली गळलेली पानं चिरलेल्या बोटांची. घरधनीण चुलीपुढून उठून आली. तिचं माहेर गुजरातच्या हद्दीपलीकडचं. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात ती माहेरून अंबाडीचं बी पदरात बांधून घेऊन आली होती, कारण इथली अंबाडी तिच्या तोंडाला रुचेना. सासूने ते पेरू दिलं, पण दोराला आमचीच, अशी अट घातली. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. अट दोघांनीही मोडली नव्हती.

"याची अंबाडी आंबटच नाय," ती नवऱ्याकडे न बघता आम्हाला म्हणाली. "पाला शिजवला का गवत शिजवलं, कळत नाय."

"आणि हिच्या अंबाडीचा दोर केला होता एकदा," तो म्हणाला. "बैल राहिला गोठ्यात, दोर गेला तुटून."

ताईने तिला विचारलं की तिच्या माहेरी सगळ्यांकडे हीच अंबाडी आहे का. ती म्हणाली, नाही, ही तिच्या आईची. आईने तिच्या माहेरून आणलेली. मग ताईने त्या आईच्या माहेरचं गाव विचारलं. बाईला नाव माहीत होतं, वाट माहीत नव्हती. नदी ओलांडून पलीकडे, एवढंच आईकडून ऐकलेलं.

ताईने दोन्ही बाजूंची बोंडं घेतली, वेगवेगळ्या पिशव्यांत. मग ती चुलीपाशी बसली आणि आसपासच्या एकेका घराचं नाव घेऊन विचारू लागली, त्या लाल अंबाडीच्या घरची सून कुठली, काटेरीवाल्याची सासू कुठली. बाईला बऱ्याच जणी ठाऊक होत्या. ठाऊक नव्हत्या त्या नवरा बाहेरून सांगत होता, आणि त्यातल्या निम्म्या ती चूक ठरवत होती.

सरांनी सही केली. शीर्षकातून दोर आणि भाजी गेले, घरोघरच्या वाणांतला फरक आला. ताई रजा संपली त्या दिवशी कामावर रुजू झाली आणि उरलेलं लिखाण तिने रविवारी केलं. पदवी मिळाली. परीक्षकांनी सुरगाण्याच्या जोडीबद्दल विचारलंच, सर म्हणाले होते तसं. त्या घरात बी वेगळं का राहिलं, असा त्यांचा प्रश्न होता. ताईने सांगितलं की नवरा-बायकोचं एका भाजीवर एकमत झालं नाही. परीक्षकांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी विचारलं की बाकीच्या घरांत बायकोचं बी टिकलं की नवऱ्याचं, आणि हे कोणी पाहिलं आहे का. ताई म्हणाली, नाही, ते अजून कोणी पाहिलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत ती पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी तिला हद्दीपलीकडे जायचं होतं.